अडीच इंच पांढरं

हरिपूरच्या पेवांचं चित्र मी चौथ्यांदा काढलं.
जमिनीत उतरलेली ती गार पोटं,
हळद कधीच उठून गेली त्यांतून;
आता तोंडावर बाभळीची फांदी आडवी,
शेळ्या पडू नयेत म्हणून.
एक शेळी तरी येतेच, वाकून बघते.

तिन्ही वेळा काळोखाचा चिखल झाला.
काळा रंग विकत घेऊ नये, असं मीच
आठवीच्या वर्गाला एकवीस वर्षं सांगत आले:
निळा नि गेरू ओल्यावर सोडून द्यावेत
आणि हात मागे घ्यावा.
निळा आहे, गेरू आहे.
हात मागे येत नाही.

चौथ्यांदा कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले.
परत येईतो पेवाच्या कडेला
पाण्यानं आपणहून एक कोंबडतुरा काढलेला.
मुलांच्या कागदावर असता
तर मी टिपकागद दिला असता हातात.
बसून राहिले.
भात जरा लागला त्या दिवशी.

अर्जात रकाने: शीर्षक. माध्यम.
आकार, चौकटीसह आणि चौकटीविना.
किंमत.
किमतीच्या रकान्यात पेन टेकवून ठेवला
तर शाईचा ठिपका मोठा होत गेला.
शेवटी यार्डात परवा राजापुरीला
क्विंटलमागं जो भाव निघाला
तोच लिहून टाकला. साडेचौदा हजार.
पेव आहे, शोभेल.

मिरजेत, सतारींच्या गल्लीच्या तोंडाशी
दस्तगीरभाईंचं फ्रेमचं दुकान.
शेजारी कुणीतरी एकच तार
पुन्हा पुन्हा वर चढवत होतं.
"काच चालत नाही त्यांना, ॲक्रिलिक घाला.
माउंट पांढरा, अडीच इंच, चारी बाजूंनी.
आणि नाव दिसता कामा नये."
"नाव न्हाई? मग कुणाचं म्हणून बघायचं त्यांनी?"
"तेच तर."
त्यांनी पट्टी ठेवली, उचलली, परत ठेवली.
सही मी सवयीनं फार आत केलेली.
"बाई, सही झाकली तर शेळीचं डोकं जातंय.
बोला, काय ठेवू?"

त्यांच्याच पेल्यातलं पाणी घेतलं.
ओल्या ब्रशनं घासून, फडक्यानं टिपून
प्र. मगदूम उचलून घेतलं.
'प्र' आधी गेला. 'दू' बराच वेळ धरून होता.
कागद तिथं जरासा लवदार झाला,
उजेडात तिरपा धरला तरच कळेल असा.

रात्रीच्या पुणे गाडीच्या डिकीत
तासगावच्या द्राक्षांच्या पेट्यांशेजारी ते उभं केलं.
"काय हाय ह्यात?" क्लीनर म्हणाला.
"पेव."
"रिकामं?"
"रिकामंच."
"मग वर काय ठिवलं तर चालंल."
"नाही!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले
की रांगेतली दोन माणसं वळली.

निवडीची यादी लागली. एकशे बारा नावं.
भोसल्यांनंतर एकदम मांडके.
मधल्या पांढऱ्या फटीवर मी बोट ठेवलं,
मग चष्मा पुसून पुन्हा एकदा ठेवलं.
त्या आठवड्यात वर्गाला
वस्तुचित्र दिलं, घडा आणि दोन वांगी,
आणि कुणाला काही बोलले नाही.

तेविसाव्या दिवशी चित्र परत आलं,
एक कोपरा ठेचलेला.
पाठीमागं माझ्या चिठ्ठीशेजारी
पेन्सिलीनं काढलेलं एक प्रश्नचिन्ह,
नंतर खोडलेलं,
पण पुठ्ठ्यावर दाब राहतोच.

म्हणजे तिघांपैकी कुणीतरी थांबलं होतं.
शेळीपाशी? तुऱ्यापाशी?
की त्या लवदार जागेपाशी, तिरपं होऊन?
किती वेळ? एका शिट्टीइतका?

दस्तगीरभाईंनी चित्र पालथं घातलं.
"पुठ्ठा घाण झालाय, बदलून देतो. पैसे नकोत."
बाजूची तार आज सुरात लागली होती.
"पुठ्ठा राहू द्या," म्हटलं.
"कोपरा तेवढा बघा.
एकतीस तारखेच्या आत
कोल्हापूरला पोचवायचंय."